प्लॅब २, एटकॉम आणि 'आजी, काय होतंय?'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहात, एटकॉमचे (विद्यार्थ्यांना वागणं, नीती आणि संवाद शिकवण्याचे) तास तुमच्याच गळ्यात पडलेत, यूकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या प्लॅबचा लेखी भाग, म्हणजे प्लॅब १, झाला, पण प्रात्यक्षिकाच्या प्लॅब २ मधल्या 'कम्युनिकेशन'ची धास्ती वाटते. पुढेमागे यूकेत विद्यार्थ्यांना हेच शिकवायचं काम मिळेल का, हेही विचारलंत. मुलगी तिसरीत आहे आणि घरी अजून सांगितलेलं नाही.

फी, व्हिसा, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सगळं जीएमसीच्या (तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या, आपल्या सरकारी कॉलेजाच्या नव्हे) साइटवर आहे. ते परत लिहीत नाही.

धास्ती तुम्ही चुकीच्या गोष्टीची घेतली आहे. इंग्रजी तुम्हाला येतं. प्लॅब २ मँचेस्टरला होते: १६ स्टेशनं (एकेका पेशंटचा प्रसंग), प्रत्येकी ८ मिनिटं, दारावरचा कागद वाचायला दीड मिनिट. गुण तीन भागांत: माहिती काढणं आणि तपासणी, उपचारांचं नियोजन, आणि पेशंटशी वागणं-बोलणं. तिसऱ्या भागात कच्चा असलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या दोन्हींतही मार खातो, कारण पेशंटचं काम करणाऱ्याकडे एखादी माहिती राखून ठेवलेली असते आणि ती नीट विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

क्लासवाले 'आयसीई' घोकून घेतात: पेशंटला काय वाटतंय, कशाची काळजी आहे, काय अपेक्षा आहे. तीन प्रश्न, एका दमात, रेशनकार्डाचा फॉर्म भरल्यासारखे. परीक्षकाला ते दारातूनच ऐकू येतं. 'आय ॲम सो सॉरी टु हिअर दॅट' हे वाक्यही तसंच. पेशंट म्हणतो बायको गेली, विद्यार्थी म्हणतो सॉरी, आणि त्याच श्वासात, 'सिगारेट ओढता का?'

एक उदाहरण जवळून बघा. ५२ वर्षांचा ट्रक ड्रायव्हर, गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नाही, इन्सुलिन सुरू करायचंय. विद्यार्थी सांगतो. ड्रायव्हर म्हणतो, 'ओके', आणि हाताच्या तळव्यांकडे बघतो. इथे ९० टक्के विद्यार्थी एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) समजावायला लागतात, कारण शांतता सहन होत नाही. वास्तविक तिथे एकच वाक्य हवं: 'तुम्ही ओके म्हणालात, पण मनात काहीतरी चाललंय असं वाटलं.' आणि मग गप्प. मनात सात-आठ अंक मोजा. तोंडातून बाहेर येतं ते सुईचं दुखणं नसतं, लायसन्स असतं. इन्सुलिन सुरू झालं की अवजड वाहनाच्या ड्रायव्हरला तिथल्या लायसन्स खात्याला कळवावंच लागतं, आणि वैद्यकीय अटी पुऱ्या होईपर्यंत ती गाडी चालवता येत नाही. घर त्या ट्रकवर चालतं. हे कळल्याशिवाय केलेलं नियोजन कागदावरच राहतं. (वरचे ९० टक्के हा माझा वैताग आहे, अभ्यास नव्हे. अभ्यासातला आकडा हवा असेल तर १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत मोजलं होतं: पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते.)

आता आपल्याकडून आलेल्यांची खास अडचण. आपल्या ओपीडीत 'आजी, काय होतंय?' एवढ्यात निम्मं काम होतं. आजी, काका, ताई, मावशी या एका शब्दात नातं, आदर आणि 'मी तुमचा आहे' हे सगळं येतं. इंग्रजीत तो शब्दच नाही. तिथे तीच जागा चार छोट्या गोष्टींनी भरावी लागते: स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा, 'तुम्हाला कसं हाक मारू?', खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीला बसणं, आणि पहिला प्रश्न उघडा ठेवून निदान मिनिटभर तोंड बंद. नाव सांगणं क्षुल्लक वाटेल. पण केट ग्रेंजर ही डॉक्टर स्वतः कॅन्सरची पेशंट म्हणून ॲडमिट असताना कित्येक जण नाव न सांगताच तिच्याशी बोलत होते. त्यातून २०१३ साली तिने 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. ते बॅज आजही वॉर्डात दिसतात.

दुसरी अडचण नातेवाईक. आपल्याकडे मुलगा दारातच गाठतो, 'साहेब, बाबांना सांगू नका', आणि आपण नाही सांगत. तिथे पेशंटला समज असेल तर आधी पेशंट, मग त्याच्या परवानगीने घरचे. परीक्षेत मुलीचा फोन येतो, आईचा रिपोर्ट विचारते. तुम्ही दया येऊन सांगितलंत की गेलात. 'नियम आहे' असं तोडून टाकलंत तरी गेलात. मधला रस्ता असा: तिला काय भीती वाटते ते पूर्ण ऐकायचं, आईला विचारून मग बोलतो असं सांगायचं आणि परत फोन कधी करणार ती वेळ द्यायची.

तिसरी, आपला 'काही होत नाही, घाबरू नका'. मराठीत तो धीर असतो. तिथे तो खोटा दिलासा म्हणून गुण कापतो. वाईट बातमीसाठी बेल आणि बकमन यांची २००० सालची 'स्पाइक्स' पद्धत तुम्ही एटकॉममध्ये शिकवतच असाल: जागा, पेशंटला काय माहीत आहे, किती ऐकायचंय, बातमी, भावना, पुढचं नियोजन. चूक नेहमी चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये होते. 'अपेक्षेपेक्षा रिपोर्ट गंभीर आहे' हा इशारा, मग 'हा कॅन्सर आहे' हे एक वाक्य, मग काहीही नाही. बहुतेक जण इथे लगेच केमोचं वेळापत्रक सांगायला लागतात. त्या मिनिटातलं पेशंट काहीही ऐकत नाही.

शिकवण्याच्या कामाबद्दल. तिथे वर्ग म्हणजे सहा ते आठ विद्यार्थी, एक शिक्षक, एक प्रशिक्षित 'सिम्युलेटेड पेशंट'. विद्यार्थी आठ-दहा मिनिटं बोलतो, अडकला तर स्वतः 'टाइम आउट' म्हणतो, तिथून रिवाइंड. नंतर आधी त्यालाच विचारायचं: कुठे अडकलास, कशात मदत हवी? मग गटाने जे दिसलं तेच सांगायचं. 'छान होतं' चालत नाही, 'तू कागदाकडे बघितलंस तेव्हा ती थांबली' चालतं. मग पेशंट भूमिकेत राहून सांगतो त्या क्षणी काय वाटलं. आणि शेवटी तेच वाक्य वेगळ्या तऱ्हेने परत म्हणून बघायचं. ही शेवटची पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि तिच्याशिवाय बाकीची नुसती चर्चा होते. आपल्यासारख्यांची दुसरी खोड म्हणजे पाचव्या मिनिटाला 'सरका, मी दाखवतो'.

पेशंटची भूमिका एका पानात लिहावी: पहिलं वाक्य जसंच्या तसं, न विचारता सांगायचं ते, विचारलं तरच सांगायचं ते, आणि शांतता मिळाली तरच सांगायचं ते. पान याहून लांब झालं की नट पाठांतर म्हणतो, तोकडं झालं की मनाचं जोडतो.

हे तुम्हाला निघायच्या आधीच करता येईल, आणि करा. हॉलमध्ये १५० जणांना स्लाइड दाखवण्यापेक्षा आठ जणांचा एकच गट घ्या. पेशंट म्हणून गावातली एकांकिकावाली पोरं बोलवा. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत मुरलेला मुलगा गप्प बसलेला शेतकरी असा उभा करतो की हाउसमनला घाम फुटतो. आणि मराठीतच घ्या.

याचा कागदही सांभाळा. तिथे शिकवण्याचा पुरावा म्हणजे एचओडींच्या लेटरहेडवरचं 'अमुक ते तमुक काळात कार्यरत होते' नव्हे. त्या एका ओळीला कुणी विचारत नाही, आणि ती मिळवायला किती चकरा मारल्या हेही कुणी विचारत नाही. पाठाचा आराखडा, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, सहकाऱ्याने तास बघून तारखेसह लिहिलेलं निरीक्षण, आणि त्यामुळे पुढच्या तासात काय बदललं, हे लागतं. क्लिनिकल टीचिंग फेलोच्या (विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या डॉक्टरच्या) जागा असतात, बहुतेक वर्षभराच्या, पण पहिलीच नोकरी म्हणून धरू नका. आधी वॉर्डातलं काम.

कागदांचाच विषय निघालाय तर नाव तपासा. मार्कशीटवर आडनाव पुढे, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, डिग्रीवर आद्याक्षर, लग्नानंतर आणखी एक. आपल्या तीन मजली नावाचं तिथल्या दोन खणांत काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. ॲफिडेव्हिट आत्ताच करून ठेवा. गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट (तुमच्याविरुद्ध कारवाई नाही असा इथल्या मेडिकल कौन्सिलचा दाखला) तीनच महिने चालतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा.

मुलीचं. इंग्लंडात वर्ग वयावर ठरतो. ३१ ऑगस्टपर्यंत आठ पूर्ण झाली असतील तर इयर फोर. वर्षाच्या मध्ये गेलात तर जागा असेल ती शाळा. इंग्लिश मीडियममधून आली तरी नोंद 'इंग्रजी ही अतिरिक्त भाषा' अशीच होते, आणि कुणीतरी प्रेमाने सुचवतं की घरी इंग्रजीच बोला. ऐकू नका. आपण ऐकतो, कारण आपल्यालाही घाई असते. मग तीच मुलगी चार वर्षांनी फोनवर आजीशी 'हो' आणि 'बरं' यापुढे जात नाही, आणि दिवसभर इतरांच्या मुलांना 'पेशंटला बोलू द्या' शिकवून आलेले आपण बाजूला बसून तिची वाक्यं पुरी करतो.

एकटेपणा वाटतो. नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. जाडे पडदे घेऊ नका.

घरी सांगायचं राहिलंय म्हणालात, तर स्पाइक्सच वापरा, थट्टा नाही. फोनवर नको, पाहुणे असताना नको. त्यांना काय अंदाज आलाय ते आधी विचारा. पुस्तकं आणि फॉर्म त्यांनी पाहिलेले असतात. एक वाक्य सांगा आणि थांबा. व्हिडिओ कॉल, वर्षाला एक फेरी, दोनच वर्षं बघू, हे काही त्या मिनिटात बोलू नका. आई बहुतेक विचारेल, 'तिथे जेवायचं काय?' त्याला इंडियन दुकानांची यादी हे उत्तर देऊ नका. मी दिलं होतं.