पाच मिनिटांत विस्कटणारा वर्ग आणि भेळेचा तास

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विशेष शाळेतला प्राथमिक गट, सात ते अकरा वर्षांची आठ मुलं. दोन स्वमग्न, तिघांना डाउन सिंड्रोम, एक सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेला) मुलगा व्हीलचेअरवर, दोघं बौद्धिक अक्षम. रंगकाम आणि मणी ओवणं सोडून काहीही घेतलं की पाच मिनिटांत वर्ग विस्कटतो, आणि वेगळं काही घेतलं तर मुख्याध्यापिका विचारतात, "अभ्यास कधी घेणार?" तुम्ही उपक्रमांची यादी मागितली आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगते. ती जमली नाही तर यादीतला प्रत्येक उपक्रम असाच मोडेल.

आपली मुलं जागेवरून उठतात ती बहुतेक वेळा कंटाळा आला म्हणून उठत नाहीत. काय करायचंय, किती करायचंय, संपलं हे कसं ओळखायचं आणि मग पुढे काय, हे त्यांना कळलेलं नसतं. आपण ते तोंडाने सांगतो. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं धरून ठेवणं अवघड जातं, पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं. बऱ्याच स्वमग्न मुलांनाही चित्राचा आधार शब्दांपेक्षा भक्कम वाटतो. म्हणून काम डोळ्यांना दिसू द्या. टेबलाच्या डाव्या बाजूला कामाची टोपली, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे झालेलं ठेवायची टोपली. डावी टोपली रिकामी झाली की काम संपलं. शेजारी दोन चित्रांची पट्टी लावा, 'आता' आणि 'नंतर'. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये एरिक शॉप्लर यांनी स्वमग्न मुलांसाठी जी 'टीच' पद्धत उभी केली, तिचा पाया हाच आहे. त्यासाठी खर्च फक्त दोन टोपल्यांचा.

आता उपक्रम. एकच निवडायला सांगितलं तर मी भेळ निवडेन. आठवड्यातून एक दिवस, तोच वार, तीच वेळ. पुढचे दोन महिने दुसरा पदार्थ घेऊ नका. मुलांना तेच ते हवं असतं आणि शिकणंही त्या पुनरावृत्तीतच होतं.

भेळेचे टप्पे पाडा: हात धुणं, पातेलं आणणं, दोन वाट्या कुरमुरे मोजून घालणं, उकडलेला बटाटा कुस्करणं, चिंचेची चटणी एक चमचा, कालवणं, वाटीत वाढणं, वर कोथिंबीर. प्रत्येक टप्प्याचा तुमच्याच वर्गात, तुमच्याच पातेल्याचा फोटो काढून भिंतीवर ओळीने लावा. बाजारातली छापील चित्रं नकोत, ते पातेलं आपलं नाही हे मुलांना लगेच कळतं. टप्पा झाला की मुलाने तो फोटो उलटा करायचा.

जो मुलगा अजून काहीच करत नाही, त्याला शेवटच्या टप्प्यापासून सुरू करा. बाकी सगळं तुम्ही त्याचा हात धरून करून घ्या, कोथिंबीर मात्र त्याने एकट्याने घालायची. कोथिंबीर घातली की लगेच खायला मिळतं, त्यामुळे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमलं की त्याच्या आधीचा टप्पा त्याच्याकडे सोपवा, असं मागे मागे जा.

व्हीलचेअरवरच्या मुलाला प्रेक्षक करून ठेवू नका. चमच्याच्या दांड्याला जुना पंचा गुंडाळून वर रबर लावा, जाड मूठ तयार होते. तेही जमत नसेल तर निर्णय त्याचा. गोड चटणीची वाटी एका हातात, हिरवी दुसऱ्या हातात, दोन्ही एकमेकींपासून लांब धरा. तो जिकडे नजर स्थिर करेल ती चटणी. पण थांबा. मनात दहा आकडे मोजा. सेरेब्रल पाल्सीत उत्तर शरीरातून बाहेर यायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारून त्याची सगळी जुळवाजुळव मोडतो.

एक सावधगिरी. कुरमुरे, शेव आणि शेंगदाणे घशात अडकू शकतात. ज्याला चावायला किंवा गिळायला त्रास आहे त्याच्यासाठी मऊ कुस्करलेला बटाटा आणि चटणी वेगळी काढा. पालकांना आणि वाचा उपचारतज्ज्ञांना आधी विचारा. खाण्याच्या ॲलर्जीची नोंदही आधीच करून ठेवा.

महिन्याभराने तीच भेळ शिक्षकांच्या खोलीत विका. खरी नाणी वापरा. प्लास्टिकच्या नाण्यांवर शिकलेलं दुकानात उपयोगी पडेलच असं नाही. एका वाटीला दहाचं एक नाणं, एवढाच व्यवहार पुरे.

गटात खेळायला 'मामाचं पत्र हरवलं' घ्या. गोल, ठरलेली ओळ, हातात रुमाल आणि आपला नंबर येईपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात आयतं आहे. आऊट कोणालाच करू नका. व्हीलचेअरवाल्याला वर्गातल्या एखाद्या मुलाने ढकलायचं, रुमाल त्याच्याच मांडीवर. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला दाराजवळची जागा द्या आणि हवं तेव्हा बाहेर जाऊ द्या. डाउन सिंड्रोमच्या मुलांकडून कोलांटउड्या किंवा मानेवर भार येईल असं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊ नका. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

परिपाठात हजेरी तुम्ही घेऊ नका. फळ्यावर 'घर' आणि 'शाळा' असे दोन चौकोन आखा. मुलाने आल्यावर आपला फोटो घरातून काढून शाळेत लावायचा. कोण आलं नाही हे मुलं स्वतःच सांगायला लागतात. जी बोलत नाहीत त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईने बनवलेलं 'जेलो' हे ॲप बघा, ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. मोबाइल नको असेल तर चार चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवा: हवं, नको, अजून, थांबा. 'नको' हे चित्र आवर्जून ठेवा. नको म्हणायची सोय नसलेलं मूल चावून किंवा ओरडूनच नको म्हणणार.

तांदळाच्या ट्रेत अक्षरं गिरवणं सगळे सुचवतात. चांगलं आहे, पण दिसेल ते तोंडात घालणारं मूल असेल तर टाळा. ज्याला तो स्पर्श सोसत नाही त्याचा हात दाबून ट्रेत घालू नका, ब्रश द्या. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतला टीएलएम किट, म्हणजे शिकवण्याच्या साहित्याचा संच, शाळेच्या कपाटात असेल तर तोही बाहेर काढा.

मुख्याध्यापिकांच्या प्रश्नाला उत्तर नोंदवहीतून द्या. प्रत्येक मुलाच्या आयईपीतलं, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं, एकच उद्दिष्ट त्या तासाला जोडा आणि मदत किती लागली ते लिहा: हात धरून, खुणेने, तोंडी सांगून की आपणहून. 'गणित: दोनपर्यंत मोजणे. कुरमुऱ्याच्या दोन वाट्या खुणेने मोजल्या. मागच्या आठवड्यात हात धरावा लागला होता.' अशा नोंदी महिनाभर ठेवा आणि वही त्यांच्यासमोर उघडा. शक्य असेल तर भेळेच्या तासाला त्यांना बोलावून एखाद्या मुलाच्या शेजारी बसवा. पहिल्या आठवड्यात काय झालं ते इथे नक्की लिहा, विशेषतः त्या दोन स्वमग्न मुलांचं. त्यांच्यासाठी टप्पे कमी करावे लागतील का, ते मग नीट सांगता येईल.