‘हलवा’ म्हणू की ‘सरकवा’?

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत संगणक शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकवताना सिलेक्ट, मूव्ह आणि रिसाइज यांना मराठीत काय म्हणायचं? सरावाच्या कागदावर त्यांनी ‘निवडा, हलवा, आकार बदला’ असं लिहिलं होतं. एका मुलीने गोल माउसने धरला आणि पडद्यावर डावी-उजवीकडे गदागदा हलवला. एका मुलाने ‘आकार बदला’ वाचून गोलाचा चौकोन करायला घेतला.

ताई, दोघांनीही मराठी बरोबर वाचली.

‘हलवणे’ हे क्रियापद विभक्तीवर फार विसंबून असतं. ‘पेशंटला सेवाग्रामला हलवलं’ किंवा ‘बिऱ्हाड अमरावतीला हलवलं’ यात कुठे ते सांगितलंय, म्हणून जागा बदलल्याचा अर्थ लागतो. ‘खाट तिथून हलव’ म्हटलं तरी चालतं, ‘तिथून’ आहे ना. हा आधार काढून घ्या, की उरतं ते पाळणा हलवणं, मान हलवणं, चहात साखर टाकून चमच्याने हलवणं. म्हणजे जागच्या जागी. बटणावर किंवा कागदावर एकटंच ‘हलवा’ लिहिलं की वाचणारा याच अर्थाकडे जाणार. (नाही तर संक्रांतीच्या हलव्याकडे.)

‘सरकवणे’ला असला टेकू लागत नाही. वस्तू पृष्ठभाग न सोडता जागा बदलते, एवढं त्या शब्दातच आहे, आणि पडद्यावरच्या आकृतीचं नेमकं तेच होतं. शिवाय त्याला मापही जोडता येतं. बाण असलेल्या कळा दाबून आकृती किंचित पुढे न्यायची असेल तर ‘थोडकसं सरकव’, ‘बोटभर सरकव’ हे आपल्याकडे कोणालाही कळतं. माझं मत सरळ ‘सरकवा’ला.

पण तालुक्याच्या गावी फ्लेक्स किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभी असलेली माणसं ‘सरकव’ही क्वचितच म्हणतात. ती म्हणतात, “गणपती वर घे. नवरदेवाचं नाव जरा मोठं कर. काहून एवढं खाली घेतलं बे?” ‘घेणे’ हाच तिथला खरा मूव्ह. कोरलड्रॉ या दुकानांतल्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये आकृती ओढता ओढता माउसचं उजवं बटण दाबलं तर मूळ आकृती जागेवर राहते आणि नक्कल नव्या जागी पडते. तेही दुकानात “एक तिथंच राहू दे, एक इकडे घे” एवढ्यात आटोपतं. तोंडी शिकवताना हा शब्द बिनधास्त वापरा. कागदावर मात्र नको, कारण ‘वर’, ‘खाली’, ‘इकडे’ यांच्यावाचून ‘घ्या’ म्हणजे नुसतं घ्या. ‘हलवा’चीच अडचण इथेही येते.

रिसाइजचं उत्तर सोपं आहे. मराठीत ‘आकार’ म्हणजे शेपही आणि साइजही. ‘आकारमान’ लिहावं तर विज्ञानाच्या पुस्तकात तो शब्द लिटर आणि घनसेंटिमीटरसाठी राखलेला. ‘लहान करा’, ‘मोठं करा’ हेच लिहा. फक्त ‘ताणणे’ वेगळं ठेवा. इंकस्केपमध्ये निवडलेल्या आकृतीभोवती आठ बाण दिसतात. कंट्रोल दाबून कोपऱ्याचा बाण ओढला तर लांबी-रुंदीचं प्रमाण टिकतं आणि आकृती लहान-मोठी होते. बाजूचा बाण नुसता ओढला तर एकाच दिशेने ताणली जाते. वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंचे गाल दोन्ही बाजूंनी पसरलेले दिसतात ते या ताणण्यामुळे, आणि त्याला ‘मोठं केलं’ म्हणणं भाषेवरही अन्याय आहे आणि भाऊंवरही.

आता ‘निवडणे’. इथे खेळ दोन अर्थांचा आहे. ‘तांदूळ निवड’ म्हटलं की हात खड्यांवर जातो, तांदळावर नाही. ‘मेथी निवड’ म्हणजे पानं एकीकडे, काड्या दुसरीकडे. स्वयंपाकघरातल्या निवडण्यात वेगळं काढणं आलंच. पण निवडणूक आणि निवड समिती यांनी दुसरा अर्थ इतका रुळवून ठेवलाय, की ‘गोल निवडा’ वाचून कोणी गोल साफ करायला बसणार नाही. हा शब्द बदलू नका.

कोरलड्रॉमधल्या निवडायच्या अवजाराचं नाव पिक टूल. ते बघून कापसाच्या मुलखातल्या माणसाला ‘वेचणे’ सुचणारच, वऱ्हाडीत ‘येचणे’. मला मोह झाला होता, पण तो शब्द इथे बसत नाही. वेचलेला कापूस बोंडातून निघून ओटीत येतो. निवडलेली आकृती मात्र जिथल्या तिथेच असते, इंकस्केपमध्ये फक्त तिच्याभोवती तुटक रेषेची चौकट येते. एस्केप दाबलं की निवड सुटते आणि चित्रात काहीच फरक पडलेला नसतो.

बाकीचं पटकन सांगतो. ऑब्जेक्टला ‘आकृती’ म्हणा, ‘वस्तू’ फार जड वाटतं. ड्रॅगसाठी ‘ओढा’ चालेल. पुण्याकडे ओढा म्हणजे पाण्याचा प्रवाह, आपल्याकडे त्याला नाला म्हणतात, त्यामुळे तो घोळ नाही. निवडलेल्या आकृतीवर पुन्हा क्लिक केलं की बाण बदलतात. कोपऱ्याच्या बाणांनी ती ‘फिरवा’, बाजूच्या बाणांनी ‘तिरकी करा’.

तुमचा कागद मी असा लिहीन: ‘गोलावर क्लिक करून तो निवडा. ओढत पानाच्या मधोमध सरकवा. कंट्रोल दाबून कोपऱ्याचा बाण आत ओढा आणि गोल लहान करा. आता कंट्रोल न दाबता बाजूचा बाण ओढा, गोल ताणला जाऊन लंबगोल होईल.’ शेवटच्या वाक्यात आकारही बदलला, तेव्हा गोलाचा चौकोन करायला निघालेल्या त्या मुलाला हे पहिल्यांदा करू द्या.