वर कोण गेलं, खाली कोण आलं: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या खालच्या श्रेणींतल्या फुटबॉलवर गेल्या अंकात लेख आला, त्यानंतर सोलापूरहून बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. बहुतेक उदाहरणं २०२४-२५ च्या हंगामातली आहेत आणि नियमही त्याच हंगामाचे धरले आहेत.

प्रत्येक श्रेणीतून किती संघ वर जातात आणि किती खाली येतात? आकडे कुठेच जुळत नाहीत. (जुळे सोलापूर)

आकडे जुळतात, फक्त श्रेणीवार न पाहता दोन श्रेणींमधल्या रेषेवार पाहायचे. प्रीमियर लीगमध्ये २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू आणि नॅशनल लीग, प्रत्येकी २४ संघांच्या. म्हणजे लीग वन ही प्रत्यक्षात तिसरी श्रेणी. या चारही श्रेणींत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळतो, म्हणून ४६ सामने.

प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपमधली रेषा तीन संघ ओलांडतात: तीन खाली, तीन वर. चॅम्पियनशिप आणि लीग वनमध्येही तीनच. लीग वन आणि लीग टूमध्ये मात्र चार. लीग टू आणि नॅशनल लीगमध्ये फक्त दोन. म्हणून लीग टूमधून चार वर जातात पण दोनच खाली येतात, आणि लीग वनमधून तीन वर जातात पण चार खाली येतात.

वर जाणाऱ्यांतला शेवटचा संघ प्लेऑफमधून, म्हणजे साखळी संपल्यावर होणाऱ्या छोट्या बाद स्पर्धेतून, ठरतो. चॅम्पियनशिप आणि लीग वनमध्ये पहिले दोन थेट वर, तिसरा ते सहावा प्लेऑफमध्ये. लीग टूमध्ये पहिले तीन थेट, चौथा ते सातवा प्लेऑफमध्ये. उपांत्य फेरी घरी-बाहेर अशी दोन सामन्यांची; पहिला सामना तक्त्यात खाली असलेल्याच्या मैदानावर, परतीचा वरच्याच्या. बाहेर केलेल्या गोलला जादा वजन नाही. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी. अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, एकच.

९६ गुण मिळवूनही यॉर्क सिटी नॅशनल लीगमध्येच राहिला. हा कुठला न्याय? (होटगी रोड)

न्याय नाहीच, पण नियम होता. नॅशनल लीगमधून थेट वर जातो तो फक्त विजेता. २०२४-२५ मध्ये बार्नेटने १०२ गुणांनी ती जागा घेतली. दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या सहा संघांत प्लेऑफ होतो. दुसऱ्या-तिसऱ्याला न खेळता थेट उपांत्य फेरी आणि तिथे घरचं मैदान, बाकी चौघांना आधी एक बाद सामना. यॉर्क घरच्या मैदानावर ओल्डहॅमकडून ०-३ हरला. ओल्डहॅमने मग वेम्ब्लीवर साउथएन्डला जादा वेळेत ३-२ हरवलं आणि तो वर गेला.

२०२३ मध्येही असंच होता होता राहिलं. रेक्सहॅमने १११ गुण घेतले, नॉट्स काउंटीने १०७. नॉट्सला तेवढ्या गुणांवर प्लेऑफ खेळावा लागला आणि तो पेनल्टीवर सुटला.

ही भिंत जुनी आहे. १९८७ पर्यंत तर तळाच्या संघाला खाली ढकलायचं की नाही हे लीगमधले, म्हणजे वरच्या चार श्रेणींतले, क्लबच मतदानाने ठरवत, आणि बहुधा आपल्याच जुन्या सोबत्याला मत देत. १९८७ मध्ये प्रथमच स्कारबरो आपोआप वर आला, लिंकन सिटी खाली गेला. दुसरी जागा मिळायला २००३ उजाडलं. तिसरी जागा हवी ही नॅशनल लीगच्या क्लबांची मागणी आम्हाला रास्त वाटते. वरच्या रेषांवर तीन-चार संघांची ये-जा चालते, तर इथेच दोन का?

शेवटचे काही सामने उरले असताना संघ वाचला की नाही, हे हिशोबाने कसं काढायचं? (अशोक चौक)

कागद-पेन्सिल पुरे. समजा तुमचा संघ लीग वनमध्ये २० वा आहे, ४८ गुण, चार सामने बाकी. खाली चार जाणार, म्हणजे धोका २१ ते २४ या चौघांकडून. त्या प्रत्येकाचे जास्तीत जास्त होऊ शकणारे गुण काढा: आताचे गुण अधिक उरलेले सामने गुणिले तीन (विजयाचे तीन गुण). २१ व्याचे ४० गुण आणि पाच सामने बाकी, तर ५५. २२ व्याचे ३९ आणि सहा बाकी, तर ५७. इथेच बहुतेकांची गफलत होते. ते फक्त २१ व्याकडे बघतात आणि मागे राहिलेला सामना विसरतात. चौघांतला सर्वांत मोठा आकडा ५७, म्हणून निश्चिंत व्हायला तुम्हाला ५८ हवेत, अजून दहा. गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) खूपच चांगला असेल तर नऊवर भागतं.

हा हिशोब सावध आहे. त्या चौघांतल्या दोघांचा आपसात सामना बाकी असेल तर दोघांनाही पूर्ण गुण मिळणं शक्य नाही, म्हणून प्रत्यक्षात सुटका थोडी आधीही होऊ शकते. ती बारकाई शेवटच्या तीन फेऱ्यांत करा, आधी वेळ घालवू नका.

‘पन्नास गुण झाले की वाचलो’ हे वाक्य ऐकू येतं त्यावर विसंबू नका. पीटरबरो २०१२-१३ मध्ये चॅम्पियनशिपमधून ५४ गुणांवर खाली गेला.

वरच्या टोकालाही तेच. २०२५ च्या जानेवारीत वॉल्सल लीग टूमध्ये १२ गुणांनी पुढे होता. पण तेव्हा वीसच्या आसपास सामने, म्हणजे साठेक गुण, मैदानात होते. शेवटच्या दिवशी वॉल्सल जिंकला आणि काही मिनिटं तिसऱ्या जागेवर होता. ब्रॅडफर्ड सिटीने ९६ व्या मिनिटाला गोल केला आणि ७८ विरुद्ध ७७ असा एका गुणाने वर गेला. वॉल्सल पुढे वेम्ब्लीवर एएफसी विम्बल्डनकडून ०-१ हरला. आघाडी किती यापेक्षा ती किती सामन्यांसमोर आहे हे बघा.

ब्लॅकबर्न रोव्हर्सचे मालक पुण्याचे आहेत ना? मग तो संघ तिसऱ्या श्रेणीत कसा पोचला? (विजापूर रोड)

हो, पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता संघ २०१२ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये आणि २०१७ मध्ये लीग वनमध्ये घसरला. मालकांच्या निर्णयांवर तिथल्या प्रेक्षकांचा रोष उघड होता. पण २०१७ ची घसरण तक्ता वाचायला शिकवणारी आहे.

शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न ब्रेंटफर्डला ३-१ हरवून आला. नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला ३-० हरवलं. दोघांचे गुण ५१. फॉरेस्टचा गोलफरक उणे १०, ब्लॅकबर्नचा उणे १२. दोन गोलांनी संघ बुडाला, आणि ते दोन गोल ४६ पैकी कुठल्याही सामन्यातले असू शकतात. ०-३ ने हरत असताना चौथा गोल खाणं म्हणूनच महाग पडतं. पुढच्याच हंगामात, २०१८ मध्ये, ब्लॅकबर्न परत वर आला.

हा गोलफरकाचा नियम कायम होता असं नाही. मधली काही वर्षं गुण समान असले की केलेले गोल मोजत. १९९७ मध्ये हेरफर्ड आणि ब्रायटन यांच्यात तेच झालं: हेरफर्डचा गोलफरक चांगला, पण ब्रायटनने जास्त गोल केलेले. हेरफर्ड लीगबाहेर गेला.

मैदानावर मिळवलेले गुण कापले जातात ते कशासाठी? (साखर पेठ)

मुख्यतः पैशासाठी. क्लब देणी भागवू शकत नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती जातो तेव्हा आजच्या नियमाने १२ गुण जातात. हिशोबाचे नियम मोडले तर वेगळी कपात. डर्बी काउंटीने २०२१-२२ मध्ये मैदानावर ५५ गुण मिळवले. १२ आणि ९ असे २१ कापले गेले, ३४ उरले, संघ खाली. ५५ गुणांवर तो सहज वाचला असता. विगनने २०१९-२० मध्ये ५९ मिळवले होते. हंगाम संपत आला असताना प्रशासक आला, तरी कपात त्याच हंगामात लागू झाली. नियमच तसा: उशिरा बुडालेला क्लब गुणांवर वाचत असेल तर कपात तेव्हाच, आधीच खाली जात असेल तर पुढच्या हंगामात. नाहीतर बुडणारे क्लब शिक्षाही बुडीत खात्यात टाकतील.

सर्वांत कडक उदाहरण लूटनचं. २००८-०९ ची सुरुवातच उणे ३० वर. मैदानावर ५६ गुण मिळवून शेवटी २६ उरले आणि संघ लीगबाहेर गेला. तो २०१४ मध्ये परतला, २०१८ आणि २०१९ मध्ये लागोपाठ वर चढला, २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. मग २०२४ मध्ये एक पायरी खाली, २०२५ मध्ये आणखी एक.

आमच्याकडे १२ संघ आहेत. दरवर्षी नॉकआउट होतो, निम्मे संघ पहिल्याच रविवारी घरी जातात. वर-खाली होणारी साखळी सोलापुरात चालवता येईल का? (एक मंडळ, अक्कलकोट रोड)

येईल. सहा-सहाचे दोन गट करा, अ आणि ब. पहिल्या वर्षी गट गेल्या दोन-तीन स्पर्धांच्या निकालांवरून पाडा, चिठ्ठ्या टाकू नका. बलवान संघ ब गटात पडला की पहिलं वर्ष फुकट जातं.

सामन्यांची आखणी अशी. संघांना १ ते ६ क्रमांक द्या. पहिली फेरी: १-६, २-५, ३-४. मग १ ला जागेवर ठेवून बाकीचे एकेक घर सरकवा. दुसरी: १-५, ६-४, २-३. तिसरी: १-४, ५-३, ६-२. चौथी: १-३, ४-२, ५-६. पाचवी: १-२, ३-६, ४-५. एका गटाचे १५ सामने झाले. तेच पुन्हा खेळवले की ३०. दोन्ही गट मिळून ६०, दर रविवारी सहा, म्हणजे दहा रविवार.

सामना ३०-३० मिनिटांचा, मध्यंतर दहा मिनिटं, मैदान बदलायला दहा: एकूण ८० मिनिटं. तीन सामन्यांना चार तास. हिवाळ्यात सकाळी सव्वासात ते सव्वाअकरा आणि दुपारी दोन ते सहा बसतं, त्यापुढे उजेड नाही. नोव्हेंबरात सुरू करा, जानेवारीच्या मध्यावर गड्ड्याच्या यात्रेतले दोन रविवार मोकळे सोडा, फेब्रुवारीत संपवा. मार्च लागला की दुपारच्या सत्रात खेळाडू टिकणार नाहीत.

वर-खाली किती? अ गटातला सहावा थेट खाली, ब गटातला पहिला थेट वर. अ गटातला पाचवा आणि ब गटातला दुसरा यांच्यात एक निर्णायक सामना. इंग्लंडमध्ये १९८७ आणि १९८८ च्या प्लेऑफमध्ये वरच्या श्रेणीतलाही एक संघ असे. १९८८ मध्ये चेल्सी तसाच खाली गेला. सहाच्या गटात थेट दोन-दोन संघ हलवू नका, दरवर्षी एक तृतीयांश गट बदलला तर कुणालाच संघ बांधायला सवड मिळत नाही.

आता बिघडतं कुठे ते. पहिलं, समान गुण. इंग्लंडमध्ये आधी गोलफरक बघतात, कारण ४६ सामन्यांत तो समतोल होतो. तुमच्या दहा सामन्यांत एखाद्या कच्च्या संघाला कुणी ११-० हरवलं की तक्ताच वाकतो. तुम्ही आधी त्या दोन संघांचे आपसातले निकाल बघा, मग गोलफरक.

दुसरं, मध्येच सोडून जाणारा संघ. ऑल्डरशॉट मार्च १९९२ मध्ये बंद पडला तेव्हा त्याचे सगळे निकाल रद्द झाले आणि इतर संघांचे कमावलेले गुण गेले. तुमच्यासाठी सोपा नियम: पाच सामने होण्याआधी गेला तर सगळं रद्द, नंतर गेला तर उरलेले सामने समोरच्याला ३-०. वॉकओव्हरही (समोरचा संघ आलाच नाही तर) ३-० च धरा.

तिसरं आणि सर्वांत चिवट: खाली गेलेला संघ विसर्जित होतो आणि नवं नाव, नवी जर्सी घेऊन अ गटात अर्ज करतो. नवा संघ नेहमी तळातूनच सुरू होईल हे आधीच लिहून ठेवा. विम्बल्डनचा जुना क्लब मिल्टन कीन्सला हलवायचं ठरलं तेव्हा चाहत्यांनी २००२ मध्ये एएफसी विम्बल्डन काढला, तोही पार खालच्या स्थानिक लीगमध्ये सुरू झाला आणि २०११ मध्ये लीग टूत पोचला. खेळाडूंची यादी १८ जणांची, पाचव्या फेरीनंतर बंद. नाहीतर शेवटच्या रविवारी बाहेरगावचे ‘पाहुणे’ उतरतात.

शेवटच्या फेरीत ज्या सामन्यांवर वर-खाली अवलंबून आहे ते एकाच वेळी सुरू करा, त्या दिवसापुरतं दुसरं मैदान मागून घ्या. ते जमत नसेल तर सामन्यांचा क्रम हंगामाआधीच चिठ्ठीने ठरवून फलकावर लावा. कुणी नंतर खेळायचं हे शेवटच्या आठवड्यात ठरवलंत तर भांडण नक्की.

हे सामने आपल्याकडे किती वाजता असतात? (सात रस्ता)

तिथल्या शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग साडेसातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेच. मंगळवारचे पावणेआठचे सामने हिवाळ्यात आपल्या बुधवारी पहाटे सव्वाला सुरू होतात.