वरचा रंग काढू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

‘काका, पंपाच्या पाटीवरचा वरचा रंग काढू का? खाली एस्सो दिसतंय.’ रात्री साडेअकराला एवढंच विचारलंस आणि माझी झोप उडवलीस. काढू नकोस. बाकीचं पत्र सवडीने वाच, पण थिनरची बाटली आधी माळ्यावर टाक.

त्या रविवारी तू फोनमधले फोटो दाखवलेस, जुन्या पेट्रोल पंपांवरच्या सात वस्तू. एक अमेरिकन ऑइलचा डबा, एक बर्मा-शेलची गोल पाटी, कॅल्टेक्सची बाटली, आणखी काय काय. वर एक्सेलचा तक्ता: स्वातंत्र्यापूर्वीचं, पन्नास-साठचं, राष्ट्रीयीकरणानंतरचं. प्रत्येकापुढे सरासरी किंमत. मग विचारलंस, ‘यातला कुठला काळ धरू?’ मी चहा ओतत राहिलो, कारण उत्तर लांबलचक होतं आणि तुला सहाची लोकल गाठायची होती. आता सांगतो. तुझ्या तक्त्यातल्या रकान्यांमध्ये ज्या रेघा मारल्या आहेस ना, त्या रेघा धर. रकाने सोड. काळ बदलतो तिथला सांधा धर.

हसू नकोस. थोडं हिशेबाने सांगतो.

बर्मा-शेल ही तेल कंपनी आपल्याकडे १९२८ ते १९७६. स्टॅनव्हॅक, म्हणजे तो लाल उडता घोडा, १९३३ पासून. १९६२ मध्ये ती कंपनी फुटली आणि इथला धंदा एस्सोकडे गेला. एस्सोला १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतलं, त्याचं हिंदुस्तान पेट्रोलियम झालं. कॅल्टेक्स १९७८ मध्ये त्यातच विरघळलं. म्हणजे आपल्या रस्त्यांवर एस्सोचं नाव उणंपुरं बारा वर्षं होतं. तरी बाजारात तुला ‘चाळीस सालचा एस्सो, आपल्या सातारा रोडवरचा’ विकणारे भेटतील, अगदी शपथा घेऊन. अशा वेळी वाद घालायचा नाही. मान डोलवायची आणि पुढच्या पथारीकडे सरकायचं.

आता याच सनावळीत तुला एक फट दाखवतो. बर्मा-शेल सरकारने घेतलं जानेवारी १९७६ मध्ये. भारत पेट्रोलियम हे नाव आलं १ ऑगस्ट १९७७ ला. मधल्या काळात नाव होतं भारत रिफायनरीज. जेमतेम दीड वर्ष! त्या नावाचं एखादं बिल, एखादं लेटरहेड जुन्या बाजारात रद्दीच्या भावात पडलेलं असतं, कारण त्यावर बर्मा-शेलचा शिंपला नाही, एस्सोचा वाघ नाही, काहीच देखणं नाही. मी अशी तीन बिलं जमवली आहेत. घरातल्यांच्या मते ती रद्दीच आहे. असू दे.

अमेरिकेचं एकदाच बोलतो आणि सोडतो. तिकडच्या लोकांनी आपले काळ नीट बांधून घेतलेत: वर काचेचं नळकांडं असलेले हातपंप, त्यांच्या डोक्यावर उजळणारे काचेचे गोळे, मग तीसच्या दशकात वॉल्टर डॉर्विन टीगने टेक्साकोला करून दिलेली ती पांढरीशुभ्र स्टेशनं. सुंदर आहे सगळं. पण त्या वस्तूच्या मागचा माणूस तुला कुठे भेटणार? टेक्साकोचा ताराच हवा असेल तर कॅल्टेक्सचा शोध. टेक्साको आणि कॅलिफोर्नियाचं स्टँडर्ड ऑइल यांनी १९३६ मध्ये मिळून काढलेली ती कंपनी, तारा त्याच घरातला. आणि तो तारा ज्याच्या डोक्यावर होता असा एखादा म्हातारा अजून कऱ्हाड-कोल्हापूरच्या वाटेवर सापडेल.

तर सांधा. आमच्या वडिलांनी सातारा रस्त्यावरच्या एका पंपावर एकोणीस वर्षं हिशेब लिहिले. त्यांच्याकडून माझ्याकडे दोनच वस्तू आल्या. एक पावतीपुस्तक. छापलेले रकाने रु., आ., पै. असे, आणि १ एप्रिल १९५७ नंतरच्या पावत्यांवर ‘आ.’ आणि ‘पै.’ जांभळ्या पेन्सिलीने खोडून वर ‘न.पै.’. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण तो पाव कुठून आणायचा? गिऱ्हाइकाला वाटे पंपवाला खातो, पंपवाल्याला वाटे गिऱ्हाईक खातं. एका पावतीच्या मागे वडिलांनी पाढा लिहिलाय: चार आणे पंचवीस, आठ आणे पन्नास, बारा आणे पंचाहत्तर. एवढे तीन सरळ बसतात. मधल्या सगळ्यांपुढे त्यांनी आधी एक आकडा लिहून मग दुसरा केलाय.

दुसरी वस्तू डीपची काठी. जमिनीखालच्या टाकीत रोज सकाळी ती सोडायची, ओल कुठवर चढली ते बघायचं आणि रजिस्टरात टाकायचं. सागाची आहे. एका अंगाला इंच, कारखान्यातून कोरून आलेले, सरळ. दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर, कुणीतरी टोच्याने हाताने ठोकलेले, सत्तराव्या खुणेनंतर जरा तिरके होत गेलेले. गॅलन जाऊन लिटर आलं तेव्हाचं ते काम. एका गॅलनमध्ये साडेचार लिटरहून थोडं जास्त, आणि त्या थोड्यातच भांडणं. काठी नाकाजवळ नेली तर इतक्या वर्षांनीही किंचित वास येतो. का मला उगाच वाटतं तसं, कोण जाणे.

ही काठी ‘पन्नासची’ की ‘साठची’? तुझ्या एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात टाकशील? कुठेच बसणार नाही. म्हणूनच ती माझ्याकडे सगळ्यांत मोलाची आहे. सांधा म्हणतो तो हा.

तुला वाटेल, काका शहाणे म्हणून असं बोलतात. छे. तू आता जे करायला निघाली आहेस, ते मी १९९४ मध्ये करून बसलोय.

एका बंद पडलेल्या पंपाच्या मागच्या खोलीत पाटी मिळाली होती. हात-दीड हाताची. वर हिंदुस्तान पेट्रोलियम, ऑइलपेंटने हाताने काढलेलं. आणि एका कोपऱ्यात पोपडा गेलेला, तिथून निळा रंग डोकावत होता. एस्सोचा लंबगोल! एनॅमलवर ऑइलपेंट धड धरत नाही, थिनरचा बोळा फिरवला की सहज सुटतं. तिथेच घात होतो. दोन तासांत मी वरचं सगळं उतरवलं. खालचं एनॅमल आरशासारखं निघालं. मी खूश. दिवाणखान्यात लावली, येईल-जाईल त्याला दाखवली.

सहा महिन्यांनी त्या पंपावर काम केलेले एक गृहस्थ घरी आले. पाटीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘वरची अक्षरं कुठे गेली?’ मग सांगू लागले. नाव बदलायचा हुकूम आला, नव्या पाट्या यायला वेळ होता, म्हणून गावातल्या पेंटरने एका रात्रीत कंदिलाच्या उजेडात ती अक्षरं काढली. ‘हिंदुस्तान’मधला ‘स्त’ दोनदा चुकला म्हणून पेंटरला शिव्या बसल्या. मी ऐकत होतो आणि माझ्या बोटांना थिनर झोंबत होतं, सहा महिन्यांनंतर. तो चुकलेला ‘स्त’ मी पुसला होता. एस्सोच्या पाट्या पैसे टाकले तर आजही मिळतात. ती रात्र कुठे मिळणार?

त्यांच्याकडून पेंटरचं नाव तरी विचारून घ्यायचं. तेही मी लाजेपायी विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

माझ्या वयाचे दोघे-तिघे संग्राहक म्हणतात, याला जुनं परवडत नाही म्हणून सांध्याचं तत्त्वज्ञान सांगतो. पूर्ण खोटं नाही ते. महायुद्धापूर्वीचा दांडा मारायचा हातपंप मला दोनदा चालून आला आणि दोन्ही वेळा खिशाकडे बघून मी नाही म्हटलं. एकदा तर मुलीच्या फीचे पैसे हातात होते. त्यात चूक केली असं आजही वाटत नाही... बरं, पहिल्या वेळी थोडं वाटतं. पण पैसे असते तरी मी शेवटी इथेच आलो असतो, हे तू मान. दिवाणखान्यात पंप उभा करून काय, रोज त्याला फडकं मारायचं?

तुझी बर्मा-शेलची गोल पाटी मात्र मला पटलेली नाही. फोटोत गंज चारी भोकांभोवती सारखाच दिसतोय. खरा गंज असा शिस्तीत येत नाही. पाणी उतरेल तिकडे ओघळतो. स्क्रू आवळताना एनॅमल उडतं त्याचे टवके बघ. टवक्याच्या कडेला रंगाचे थर आणि तळाशी काळपट थर दिसला पाहिजे. पाठ उलटी करून बघ, जुन्या पाटीला मागूनही एनॅमल असतं. पत्रा पातळ, पाठ कोरी आणि रंग एकाच थराचा असेल तर ती या दहा-वीस वर्षांतली, मातीत पुरून म्हातारी केलेली. किती दिलेस ते विचारत नाही. मीही असं एकदा दिलंय, आणि आकडा घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

बघ, बनावट माल नेहमी वैभवाच्या काळाचा असतो. तो ठळक शिंपला, तो उडता घोडा. खोडलेल्या आण्याची पावती कोण नकली करेल? त्यात मिळणार काय? हाही सांध्याचाच फायदा, पण त्यासाठी सांधा धर असं मी म्हणत नाही. म्हणजे, त्यासाठीही म्हणतो.

आणि महायुद्धातलं रेशनिंगचं पेट्रोलचं कूपन दिसलं तर घे. किमतीवरून घासाघीस करू नकोस. त्या वर्षांत आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर एसट्या नव्हे, त्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारी धावत होत्या. चढाला उतारू खाली उतरून ढकलायचे असं वडील सांगत. तोही एक सांधाच.

रविवारी जुन्या बाजारात जाऊ. सातला ये, नऊनंतर तिथे काही उरत नाही. तुझी ती एस्सोची पाटी घेऊन ये. वर काय लिहिलंय, कुणाच्या हातचं वाटतंय, ब्रश कुठे उचललाय ते उन्हात तिरपं धरून बघू. जुन्या चादरीत गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नको, पोपडे चिकटून येतात. आणि ज्याच्याकडून घेतलीस त्याला आजच फोन करून विचार, पंप कुठला होता आणि तिथे कामाला असलेलं कोण अजून आहे.

येताना धुऊ नकोस.

तुझा,
काका