पहिली आवडली, दुसरी फसली

प्रश्न : एका लेखकाची पहिली कादंबरी दोनदा वाचली. म्हणून दुसरी विकत घेतली, पण साठ पानांपुढे सरकत नाही. चूक माझी की पुस्तकाची?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी मुद्रणपान उघडा. 'पूर्वप्रसिद्धी : दिवाळी अंक' असं असेल तर दीर्घकथा फुगवलेली असू शकते. खूण सोपी : दर प्रकरणात पात्रांची ओळख नव्यानं, आणि मधे नुसता प्रवास नि पाऊस. मग संवाद मोठ्यानं वाचा. पहिल्या पुस्तकात 'काय करालास?' विचारणारी बेळगावची माणसं दुसऱ्यात 'काय करतो आहेस?' म्हणू लागली, तर लेखकाचा कानच सुटलाय. खुशाल मिटा.

लेखकानं वाटच बदलली असेल तर मात्र घाई नको. नेमाड्यांच्या 'कोसला'नंतर (१९६३) 'बिढार' आली ती १९७५ साली, नि नायक पांडुरंग सांगवीकरच्या जागी चांगदेव पाटील. तिथं पांडुरंग शोधणारा हिरमुसणारच. अशा पुस्तकाला शंभर पानं द्या. तिसरं मात्र वाचनालयातून आणा, पैसे नंतर.