मोमोचा मेसेज आला म्हणून यूट्यूब काढून टाकू का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोमोचा मेसेज पुन्हा फिरतोय: वटारलेल्या डोळ्यांच्या बाईचा फोटो, आणि कार्टूनच्या मध्येच ती येऊन मुलांना स्वतःला इजा करायला सांगते असा मजकूर. तुमची मुलगी पहिलीत आहे, दुपारी आजोबांच्या फोनवर कार्टून बघते. यूट्यूब काढून टाकावं का आणि ते चित्र तिला दाखवून आधीच सावध करावं का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याची घाई आहे. चित्र दाखवू नका. मी प्राथमिक शाळेत शिकवते. २०१९ मध्ये ही लाट आली तेव्हा वर्गातली जी मुलं घाबरलेली होती, त्यांच्याशी बोलल्यावर एकच गोष्ट पुढे येत होती. त्यांनी तो चेहरा कार्टूनमध्ये पाहिलेला नव्हता. आईच्या फोनमध्ये, शेजारच्या दादाकडे किंवा टीव्हीवरच्या बातमीत पाहिला होता. मोठ्यांनी सावध करण्यासाठी दाखवलेलं चित्रच त्यांच्या झोपेत येत होतं.

आता ते चित्र कुठून आलं ते सांगते. ही माहिती तुम्हाला मुलीशी बोलतानाही उपयोगी पडेल. तो एक पुतळा आहे. केईसुके आइसो या जपानी कलाकाराने तो बनवला आणि २०१६ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागातल्या एका कलादालनात तो मांडला होता. बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत पक्ष्याच्या रूपात येतं, अशी जपानी लोककथा आहे, त्यावरून त्याला ती कल्पना सुचली. प्रदर्शनाला आलेल्या लोकांनी फोटो काढले, ते इंटरनेटवर पसरले आणि २०१८ च्या मध्यावर लॅटिन अमेरिकेत कुणीतरी त्या फोटोला ‘मोमो चॅलेंज’ची गोष्ट चिकटवली. ऑगस्टपर्यंत ती आपल्याकडे पोचली. पश्चिम बंगालमध्ये पोलिसांकडे तक्रारी गेल्या, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पालकांसाठी सूचनापत्रक काढलं.

पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये हीच गोष्ट नव्याने उफाळली. एका आईने गावच्या फेसबुक ग्रुपवर इशारा लिहिला, स्थानिक वर्तमानपत्राने तो छापला, मग शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, पोलिसांनीही इशारे दिले. अमेरिकेत किम कार्डाशियनने ते इन्स्टाग्रामवर टाकलं आणि गोष्ट जगभर गेली. यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता. यूट्यूबने सांगितलं की असं आव्हान पसरवणारे व्हिडिओ आपल्याकडे असल्याचा पुरावा नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थांनी ही अफवा असल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या एनएसपीसीसी या संस्थेने तर सांगितलं की याबद्दल पालकांपेक्षा पत्रकारांचेच फोन जास्त आले. आणि तो पुतळा? रबर आणि नैसर्गिक तेलं वापरून केलेला होता, सडला, आणि २०१८ मध्येच कलाकाराने तो फेकून दिला.

तुमच्या ग्रुपवरचा मेसेज पुन्हा एकदा वाचून बघा. तारीख, गाव, पोलिस ठाण्याचं नाव यातलं काही आहे का? ज्या व्हिडिओत ती बाई येते म्हणतात त्याची लिंक आहे का? एवढ्या वर्षांत फोटो लाखो लोकांनी पुढे पाठवला, पण ‘हा बघा तो व्हिडिओ’ असं म्हणून खरा व्हिडिओ कुणी पुढे ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. (नंतर काही टवाळखोरांनी तो चेहरा जोडून व्हिडिओ बनवले, तेही मूळ बातमी गाजल्यावर.)

ब्लू व्हेलचंही, म्हणजे मुलांना आत्महत्येपर्यंत नेतो असं म्हटल्या गेलेल्या ऑनलाइन खेळाचंही, असंच झालं होतं. २०१७ च्या जुलैअखेर अंधेरीतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर सगळीकडे तेच नाव झालं. ऑगस्टमध्ये सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरेंना त्या खेळाच्या लिंक काढायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मग सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने ज्यांचे मृत्यू या खेळाशी जोडले गेले त्या मुलांची इंटरनेटवरची ये-जा, फोनचे रेकॉर्ड, समाजमाध्यमांवरची खाती तपासली. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आलं की यातल्या कुठल्याही मृत्यूशी ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. हे उत्तर किती जणांनी वाचलं? ज्या वाहिन्यांनी महिनाभर तो खेळ गाजवला, त्यांच्यावर हे चुकूनच दिसलं. मला याचा मनापासून राग येतो. कारण एखादं मूल जीव देतं तेव्हा त्यामागे मारहाण, शाळेतला छळ, नैराश्य, घरातली घुसमट, काहीही असू शकतं, आणि ‘गेममुळे झालं’ म्हटलं की ते सगळं शोधायचं राहून जातं.

अफवा आहे तर आहे, सावध राहिलं तर बिघडलं काय, असं तुम्हाला ग्रुपवर कुणीतरी म्हणेल. बिघडतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. त्याआधी काही आठवडे ‘मुलं पळवणारे आलेत, सावध राहा’ हे मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतला होता. मुलांकडे लक्ष ठेवा हे सांगायला केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता तो, आणि मोटारसायकलवरचा माणूस मूल परत आणून सोडतो तो भाग कापून टाकलेला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला आपण मुलांची काळजी घेतोय असंच वाटत होतं.

म्हणून मी ‘काळजी म्हणून फॉरवर्ड’ याच्या ठाम विरोधात आहे. आपली सगळी भीती आणि वेळ त्या एका चेहऱ्यावर खर्च होतो आणि खरं काम बाजूला राहतं.

खरं काम काय, ते सांगते. यूट्यूबवर मुलांना न शोभणारं काही येत नाही असं मी म्हणत नाही. २०१७ मध्ये ओळखीची कार्टून पात्रं घेऊन केलेले विकृत, हिंसक व्हिडिओ मोठ्या संख्येने सापडले होते आणि यूट्यूबला कितीतरी चॅनेल बंद करावी लागली. हे व्हिडिओ मूल शोधत नाही. एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, त्या रांगेतून ते समोर येतात. त्यामुळे यूट्यूब काढायची गरज नाही, पण आजोबांच्या फोनवरचं साधं यूट्यूब तिच्या हातात देऊ नका. यूट्यूब किड्स टाका. त्यात वयोगटाच्या खाली अजून एक पर्याय असतो: फक्त पालकांनी निवडलेले व्हिडिओ. पहिलीतल्या मुलीसाठी तोच ठेवा. रविवारी तिच्याबरोबर बसून चॅनेल निवडा, शोध आपोआप बंद होतो. घरच्या स्मार्ट टीव्हीवरही यूट्यूब असेल तर तिथली व्यवस्था वेगळी करावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

पण त्याहूनही आधी आजोबांच्या फोनमधलं व्हॉट्सॲप उघडा. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’खाली मीडिया गॅलरीत दाखवायचा पर्याय असतो, तो बंद करा. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणंही बंद करा. मोमोचा चेहरा, अपघातांचे फोटो, मारहाणीच्या क्लिप, निवडणुकीच्या दिवसांत येणारं विखारी काही, हे सगळं गॅलरीत जाऊन बसतं आणि नात मांजरीचे फोटो बघायला गॅलरी उघडते तेव्हा तिच्यासमोर येतं. लहान मुलांपर्यंत भयानक चित्रं पोचण्याची सगळ्यात रुळलेली वाट मला तरी हीच दिसली आहे, आणि ती बंद करायला दोन मिनिटं लागतात. ॲन्ड्रॉइड फोन असेल तर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते. आजोबांना ती शिकवून ठेवा आणि बाहेर पडताना पासवर्ड विचारायचा पर्यायही चालू करा, म्हणजे कार्टूनमधून बाहेर पडायला त्यांचा पासवर्ड लागेल. आजोबांना हे सांगताना ‘तुमच्या फोनमुळे’ असं म्हणू नका. दुपारभर नातीला सांभाळणारा माणूस आहे तो. त्यांना शेजारी बसवून, त्यांच्याच हाताने करून घ्या.

तुमची मुलगी अजून लहान आहे, पण दोन-तीन वर्षांत ती गेम खेळायला लागेल, आणि माझ्या मते खरी भीती तिथे आहे. रोब्लॉक्स असो, फ्री फायर असो, जिथे अनोळखी माणसाशी गप्पा मारता येतात तिथे मुलांना गाठणारे लोक येतात. त्यांची रीत ठरलेली असते. आधी खेळात मदत, मग डायमंड (खेळातलं चलन) किंवा स्किन (पात्राचा पोशाख) भेट, मग ‘तू खूप हुशार आहेस, तुझ्या घरच्यांना कळत नाही’, मग गेम सोडून दुसऱ्या ॲपवर बोलावणं, मग ‘हे आईला सांगू नकोस’, आणि मग फोटो. फोटो हातात आला की धमकी सुरू होते. यात कुठेही भयानक चेहरा नसतो. माणूस गोड बोलणारा असतो, म्हणून ‘घाण काही दिसलं तर सांग’ एवढं सांगून भागत नाही. मुलांना सांगावं लागतं की जो तुला आईपासून काही लपवायला सांगतो, त्याच्याबद्दल लगेच सांगायचं, तो कितीही चांगला वाटला तरी. गेममधली चॅट बंद करता येते. नवीन ॲप टाकायला तुमची परवानगी लागेल अशी व्यवस्था गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये करता येते. ती आत्ताच करून ठेवा, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या फोनवर नव्याने लावायला गेलात तर रोज भांडण होईल.

मूल सांगायला का येत नाही, याचं कारण वर्षानुवर्षं एकच ऐकतेय: ‘सांगितलं तर मोबाइल काढून घेतील.’ म्हणून आजपासून घरात एक नियम करा. काही विचित्र किंवा भीतीदायक दिसलं तर फोन पालथा ठेवायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. ती हाक मारेल तेव्हा काहीही दिसलं तरी ओरडायचं नाही, त्या दिवशी फोन काढून घ्यायचा नाही. पहिल्या वेळी तुम्ही कशा वागता यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

तिने तो चेहरा आधीच पाहिला असेल आणि रात्री घाबरत असेल तर ‘तसं काही नसतं’ म्हणून विषय झटकू नका. तिला पुतळ्याची गोष्ट सांगा: जपानमधल्या एका काकांनी रबराची बाहुली केली, प्रदर्शनात ठेवली, ती सडली आणि त्यांनी कचऱ्यात टाकली. मुलांना ही गोष्ट फार आवडते. तिला विचारा, कचऱ्यातल्या त्या बाहुलीचं चित्र काढशील का? वर्गात मी हेच केलं होतं. कुणी तिला टोपी घातली, कुणी घंटागाडीत बसवलं, आणि मधल्या सुट्टीत त्या चेहऱ्याबद्दल बोलणं थांबलं.

खरंच कधी प्रसंग आला, कुणी मुलीला घाणेरडे मेसेज पाठवले किंवा फोटो मागितला, तर रागाच्या भरात खातं पुसून टाकू नका. मेसेज, प्रोफाइलचं नाव आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा आणि केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास. पैसे गेले असतील तर १९३०. आणि कुठल्याही मुलाचा लैंगिक अत्याचाराचा फोटो किंवा व्हिडिओ ‘या नराधमाला पकडा’ म्हणून ग्रुपवर आला तर तो पुढे पाठवू नका, फोनमध्ये जपूनही ठेवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली तो गुन्हा आहे, पाठवणाऱ्याचा हेतू काहीही असो, आणि प्रत्येक फॉरवर्डबरोबर त्या मुलाची बेअब्रू पुन्हा होते.

राहिला सोसायटीचा ग्रुप. ज्या काकूंनी मेसेज टाकला त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका, त्या पुढच्या वेळी खरी गोष्टही सांगणार नाहीत. त्यांना आधी फोन करा. मग ग्रुपवर असं काहीसं लिहा, हवं तर जसंच्या तसं घ्या:

“काकू, काळजीने सांगितलंत, बरं झालं. हा मेसेज २०१८ पासून फिरतोय, फोटो जपानमधल्या एका पुतळ्याचा आहे, असे व्हिडिओ असल्याचा पुरावा नाही असं यूट्यूबने सांगितलं आहे आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ही अफवा असल्याचं सांगितलं आहे. ग्रुपमधले फोन मुलंही बघतात, तेव्हा फोटो सगळ्यांसाठी डिलीट करता येत असेल तर करूया. शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये यूट्यूब किड्स आणि व्हॉट्सॲपची सेटिंग्ज एकमेकांना लावून देऊ. आजी-आजोबांनी आपापले फोन घेऊन यावं.”

आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला व्हॉट्सॲप साधारण दोन दिवसांची मुदत देतं. ती उलटून गेली असेल तर ग्रुपच्या ॲडमिनना सांगा, त्यांना इतरांचे मेसेजही काढता येतात. शनिवारी चार्जर आणि सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड तयार ठेवा. आजोबा मंडळींच्या फोनवर यूट्यूब किड्स उतरवताना जागा कमी पडते, तेव्हा आधी गॅलरीतले सुप्रभातचे फोटो काढायला लागतील.