जुनी मॅच (स्पर्धेची) एअर रायफल घेताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक वाढलेत. नवी परदेशी रायफल परवडत नाही म्हणून सगळे सेकंडहँडकडे वळतात आणि तेच ते प्रश्न पाठवतात. त्यातले काही इथे घेतो.

मुलगी तेरा वर्षांची आहे. १० मीटरच्या एअर रायफलला लायसन्स लागतं का? (सातारा)

नाही. ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला लागत नाही. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा, त्यातल्या .२२ रायफलला मात्र लागतं. तरी व्यवहाराआधी जिल्हा रायफल असोसिएशनला विचारून घ्या.

रायफल आठ वर्षं वापरलेली आहे. क्लबमधले म्हणतात, लाखभर छर्रे गेलेत, नळी संपली. मालक म्हणतो, नव्यासारखी आहे. कुणाचं खरं? (नाशिक)

कुणाच्याच तोंडी दाखल्यावर जाऊ नका. छर्रा मऊ शिशाचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. एवढ्यानं पोलादी नळी सहसा संपत नाही. ती बिघडते चुकीच्या सफाईनं, तोंडाला बसलेल्या ठोक्यानं आणि पावसाळ्यात बंद केसमध्ये धरलेल्या गंजानं. रायफल शिकंज्यात पक्की धरून, एकाच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) दहा छर्रे १० मीटरवर तुमच्यासमोर मारायला लावा. दहांचं मिळून भोक बाहेरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ७ मिमीच्या आत आलं तर नळी चांगली. मोठं आलं तर दुसऱ्या लॉटचे छर्रे घालून पुन्हा बघा, कारण प्रत्येक नळीला प्रत्येक छर्रा मानवत नाही. मालकानं घरून आणलेलं जुनं टार्गेट कार्ड बघूही नका.

फोटो बघून रायफल चांगली आहे का सांगाल? (लातूर)

नाही. कोचला घेऊन प्रत्यक्ष बघा.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर २०१३ साल आहे. विकणारा म्हणतो, अजून २०० बार प्रेशर आठवडाभर धरतो, दहा वर्षांची मुदत म्हणजे कंपनीची नवे सिलिंडर खपवायची युक्ती. घेऊ का? (सांगली)

या सिलिंडरसकट नको. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तरच लिहितो.

प्रेशर धरणं म्हणजे वायसर शाबूत असणं, एवढंच. धातूची अवस्था त्यावरून कळत नाही. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. इथे त्याच्या नव्वद पट दाब एका नळकांड्यात कोंडलेला असतो, आणि शूटर नेम धरतो तेव्हा ते त्याच्या चेहऱ्यापासून हात-दीड हातावर असतं. दर वेळी भरताना-रिकामं करताना धातूवर ताण येतो, दमट हवा भरली तर आतून गंज चढतो. दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. म्हणून कंपन्यांनी दहा वर्षांची मुदत घातली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवरच आहे. इक्विपमेंट तपासणीत अडकलात तर विकणारा तिथे येणार नाही.

सिलिंडरवरची, प्रेशर गेजजवळची कोरीव अक्षरं उजेडात तिरकी धरून वाचा. तारीख घासलेली, रंगवलेली किंवा स्टिकरनं झाकलेली असेल तर तिथेच थांबा. कमाल दाब २०० बार की ३०० बार, तेही वाचा, कारण भरताना चूक झाली तर ती जिवावर बेतते. ऑक्सिजन कधीही भरू नका; तेल-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. फेरतपासणी करायचीच तर कंपनीकडून किंवा तिनं मान्य केलेल्या ठिकाणी. अग्निशामक टाक्या तपासणाऱ्याकडून नाही. ‘सीझन संपला की बदलू’ म्हणणाऱ्या पालकांना माझं एकच सांगणं आहे: बदलेपर्यंत मुलाच्या हातात क्लबची रायफल द्या.

राष्ट्रीय पदकविजेत्याची रायफल म्हणून १ लाख ८० हजार सांगतायत. भाव योग्य आहे का? (ठाणे)

पदकाचे पैसे देऊ नका. त्याच मॉडेलचा आजचा नवा भाव अधिकृत विक्रेत्याकडून लेखी घ्या. त्यातून मुदत संपलेले सिलिंडर, सर्व्हिसिंग, आणि डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट), खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटचे भाग, वजनं यांपैकी जे गायब असेल ते वजा करा. सिलिंडर दोन असतील तर दोन्ही बघा. मॉडेल बंद होऊन सुटे भाग मिळेनासे झाले असतील तर भाव आणखी खाली यायला हवा. नवं पॉलिश, नवा केस यांची किंमत शून्य. मूळ बिल आणि आयातीचे कागद मागा, नंबर रायफलवरच्या नंबराशी जुळवा. सवलतीत आयात झालेली असेल तर विकण्यावर अटी असू शकतात. असोसिएशनकडून खात्री करा.

मुलगा अकराचा आहे. पुढे चालावी म्हणून मोठ्यांची रायफल घ्यावी का? (अहिल्यानगर)

आत्ता काहीच घेऊ नका. नियमात साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं, म्हणून अकरा वर्षांच्या पाठीनं ते पेलावं असं नाही. वर्षभर क्लबच्या रायफलवर शिकू द्या. पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आज निम्मे पैसे पाठवा’ असा मेसेज आलाय. पाठवू का? (पुणे)

नाही. त्या गिऱ्हाईकाला घेऊन जाऊ दे. रायफल रेंजवर येऊन ग्रुपिंग (वर सांगितलेली दहा छर्ऱ्यांची चाचणी) होईपर्यंत एक रुपयाही नाही.